पाखंडी कोण?

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या सुतारआळीत एक मयत झाली. घरचा म्हातारा कर्ता गेला. मागे बायको, दोन मुलगे, सुना आणि एक शिकती नात असा परिवार. थोरल्या मुलाने जमलेल्या भावकीला हात जोडून सांगितले, "तात्यांच्या दुखण्यात होतं नव्हतं ते गेलं. आता तेराव्याच्या पंगतीसाठी पतसंस्थेचं कर्ज मी काढणार नाही. सोयऱ्यांना घरची पिठलं-भाकरी घालू. हाताशी चार पैसे उरलेत, त्यातून पोरीची आयटीआयची फी भरू. आणि आईच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही." झाले! संध्याकाळच्या आत पारावर निकाल लागला, "सुताराचं पोरगं पाखंडी झालं."

हा निकाल देणारा कोणी भट-भिक्षुक नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तो आमच्यातलाच एक शेतकरी होता, आणि आपल्या बापाच्या तेराव्यापायी त्याने स्वतःची बैलजोडी बाजार दाखविलेली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात सहावीतल्या एका मुलाने आम्हांस विचारले, "गुरुजी, पाखंडी म्हणजे काय?" आम्ही पडलो शाळामास्तर, कोशात असतो तो अर्थ आम्ही सांगून टाकला. पाखंडी म्हणजे वेदधर्म न मानणारा. पाखंडी म्हणजे ढोंगी. मुलगा क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण गुरुजी, त्यांनी ढोंग कुठं केलं? ते तर सगळ्यांसमोर बोलले."

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. जो मनातले चारचौघांत बोलतो आणि बोलल्याप्रमाणे वागतो, त्याला ढोंगी कसे म्हणावे? आणि जो तसे वागत नाही, कर्ज काढून पंगती घालतो व घरी येऊन कपाळाला हात लावतो, त्याला काय म्हणावे? एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या इतके उलट असताना ते एकाच घोंगडीखाली आले कसे? या शब्दाची कुळकथा आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहो. ती ऐकण्याजोगी आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोक राजाने आपल्या आज्ञा डोंगरांच्या खडकांवर कोरविल्या. जुनागडजवळच्या गिरनारच्या खडकावर त्यांतली बारावी आज्ञा आजही उभी आहे. त्या आज्ञेत 'पासंड' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. आमचा 'पाखंड' तो हाच. पण तेथे तो शिवी म्हणून येत नाही. राजा म्हणतो की, आपण सर्व पासंडांचा मान राखतो, मग ते संन्यासी असोत की संसारी. म्हणजे त्या काळी पासंड याचा अर्थ पंथ, एका विचाराने चालणाऱ्या माणसांचा मेळा, एवढाच होता. जैन एक पासंड, बौद्ध एक पासंड, आजीवक एक पासंड. सातव्या आज्ञेत तर राजा अशी इच्छा सांगतो की, आपल्या राज्यात सर्व पासंडांनी सगळीकडे सुखाने राहावे. सुतारआळीतल्या आमच्या मित्राला त्या काळी कोणी पासंडी म्हटले असते, तर त्याने खुशाल मान डोलावून होय म्हटले असते!

आणि हे काही परमुलखातलेच बोलणे नव्हे. आमच्या कोकणपट्टीत सोपारा म्हणून गाव आहे, ज्याला आज लोक नालासोपारा म्हणतात. तेथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 साली अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा सापडला. पुढे 1956 साली त्याच परिसरात नवव्या आज्ञेचाही तुकडा मिळाला. ही नववी आज्ञा काय सांगते? आजारपणात, मुलांमुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे विधी करतात. बायका तर फारच करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल वेगळेच. दास व नोकर यांना नीट वागविणे, वडीलधाऱ्यांना मान देणे, जिवांना न छळणे, ब्राह्मण आणि श्रमण या दोघांनाही दान देणे, हे ते मंगल. बायका विधी फार करतात हे राजाने सांगितले. त्यांना शाळेत घालावे हे मात्र सांगितले नाही. ते करून दाखवायला पुण्यात 1848 साल उजाडावे लागले! असो. पण बावीसशे वर्षांपूर्वी आमच्याच समुद्रकिनाऱ्यावर एक राजा फुकाच्या विधींविषयी हे बोलून गेला, आणि आज पारावर तेच बोलणाऱ्याला पाखंडी म्हणतात, याला काय म्हणावे?

मग हा शब्द नासला कोठे? त्याचा माग काढण्यास फार लांब जाण्याचे कारण नाही. मनुस्मृतीचा चौथा अध्याय उघडावा. घरी आलेल्यांपैकी कोणाकोणाचा साध्या शब्दानेही आदर करू नये, याची तेथे एक यादी दिली आहे. त्या यादीत पाषंडी आहेत. मांजरासारखे डोळे मिटून व्रताचे सोंग करणारे आहेत. बगळ्यासारखे ध्यान लावणारे आहेत. लुच्चे आहेत. आणि त्यांच्याच शेजारी 'हैतुक' बसविलेले आहेत. हैतुक म्हणजे हेतू विचारणारे, 'हे का?' म्हणणारे! वाचकहो, या पंगतीची रचना नीट पाहा. ढोंग्याच्या मांडीला मांडी लावून प्रश्न विचारणारा बसविला. शेकडो वर्षे ही यादी घोकली गेली. ओल्याबरोबर सुके जळते, तसे लबाडाच्या वासाने विचारी माणूसही बाटला. पुढे विष्णुपुराणात जैन व बौद्ध यांच्यासाठी हाच शब्द दूषण म्हणून आला. मनुस्मृतीचा नववा अध्याय तर पाषंड्यांना जुगाऱ्यांबरोबर नगरातून हाकलून द्या, असे राजाला सांगतो. एका राजाने ज्यांना सगळीकडे राहा म्हटले, त्यांना दुसऱ्या ग्रंथाने वेशीबाहेर काढले. शब्द तोच, दौत-लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती गेली.

'नास्तिक' या शब्दाची कथाही अशीच आहे. पाणिनीच्या व्याकरणात त्याचा अर्थ, 'नाही' अशी ज्याची मती आहे तो, इतका साधा आहे. टीकाकार त्याचा संबंध परलोकाशी जोडतात. मनुस्मृतीत तर्काच्या आधाराने श्रुतिस्मृतींचा अनादर करणाऱ्याला बाहेर घालवावे असे सांगून, वेदाची निंदा करणारा तो नास्तिक, असे ठरविले. देव मानतो की नाही हा प्रश्नच तेथे उरला नाही. पोथी मानतो की नाही, एवढाच उरला. या मापाने एका निर्मिकावर श्रद्धा ठेवणारे आमचे जोतीराव फुले नास्तिक ठरतात, आणि देवाच्या नावाने लोकांना लुबाडून पोथीला हात जोडणारा आस्तिक ठरतो!

कोणी म्हणेल, ही संस्कृताची भानगड. मराठीला त्याचे काय? तर मराठीतलाच दाखला घ्या. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ उभारला. त्या पंथाने स्त्रियांना व शूद्रांना आपल्यात घेतले, जातीचा विटाळ मानला नाही, आणि आपला धर्म लोकांच्या मराठी भाषेत सांगितला. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ याच पंथातला. आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात ती महदंबाही त्याच पंथातली. मराठीवर एवढे उपकार करणाऱ्या या पंथाला मराठीने काय दिले? 'महानुभाव' याचे बोलताना 'मानभाव' झाले, आणि मानभावाचे 'मानभावी' झाले. मानभावी म्हणजे वरून गोड, आतून कपटी! आज आमच्या घराघरांत सासू सुनेला आणि सून सासूला मानभावी म्हणते. आपण एका थोर पंथाला शिवी देत आहो, याची दोघींनाही गंधवार्ता नसते. त्या पंथाने आपल्या पोथ्या शेकडो वर्षे सांकेतिक लिपीत झाकून ठेवल्या. ज्याला जग कपटी म्हणते त्याने आपले धन झाकावे, यात नवल ते काय?

हे दुर्दैव आपल्याच देशाचे आहे असेही नाही. ग्रीक भाषेत 'हायरेसिस' म्हणून शब्द आहे; त्याचा मूळ अर्थ निवड. आपले मत आपण निवडावे, यात गैर काय? पण त्याच शब्दापासून ख्रिस्ती धर्मपीठांनी धर्मबुडव्या या अर्थाचा शब्द घडविला, आणि युरोपात त्या शब्दाखाली माणसे जिवंत जाळली गेली. ज्या टॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक वाचून जोतीरावांच्या मनाने उभारी घेतली, त्या पेनवर त्याच पुस्तकासाठी इंग्लंडात 1792 साली खटला होऊन तो दोषी ठरला होता. तात्पर्य, स्वतःच्या डोक्याने विचार करणाऱ्याला नाव ठेवण्याचा धंदा सर्व देशांतल्या मक्तेदारांनी केला आहे. माल निराळा, पण पेढी एकच.

आता यातून आम्ही शिकावे काय? पहिली गोष्ट ही की, शब्द आभाळातून पडत नाहीत. ते कोणीतरी घडवितो, आणि ज्याच्या हाती लेखणी त्याच्या सोयीने ते घडतात. आमच्या आज्या-पणज्यांच्या हाती लेखणी नव्हती. म्हणून आमच्याच माणसांना मारण्यासाठी आमच्याच हाती दिलेले दगड आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फेकीत आलो. ज्याची बैलजोडी तेराव्यात गेली, तोच सुताराला पाखंडी म्हणतो. हा त्या दगडाचा प्रताप!

हे ज्यांना प्रथम उमगले, त्यांनी आपले नाव आपण ठेवले. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात जोतीराव व त्यांचे सोबती जमले आणि त्यांनी आपल्या मंडळीस 'सत्यशोधक' म्हटले. या नावातला 'शोधक' हा शब्द आमच्या वाचकांनी तोलून पाहावा. आम्हांला सत्य सापडले आहे, ते आता तुम्ही मुकाट्याने घ्या, असे म्हणणारे नाव त्यांनी घेतले नाही. शोधणारा म्हणजे ज्याचे काम अजून चालू आहे तो, उद्या आपली चूक आढळली तर ती कबूल करणारा तो. आणि नाव घेऊन ते घरी बसले नाहीत. त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला भटाविना पहिले सत्यशोधक लग्न लावून दाखविले. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पत्र काढून लेखणी आपल्या हाती घेतली. पुढे 1910 साली मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' सुरू केला. इतरांनी दिलेले नाव आणि स्वतः कमावलेले नाव यांत एवढे अंतर असते.

दुसरी गोष्ट आमच्याच मंडळींना जरा झोंबेल, पण सांगितली पाहिजे. विधी सोडला, देव्हारा काढला, चार लोकांत पोथीची टवाळी केली, की आपण स्वतंत्र बुद्धीचे झालो, असे समजणारे काही वीर आमच्यातही आहेत. बाहेर जोतीरावांचा जयजयकार, आणि घरात मुलीचे शिक्षण दहावीला बंद! व्यासपीठावर समता, आणि लग्नात हुंडा! भटाला नमस्कार सोडला तो पुढाऱ्याच्या पायावर घातला! अशांना काय म्हणावे? त्यांच्यासाठी पाखंडी या शब्दाची गरजच नाही. मराठीत ढोंगी आहे, भोंदू आहे, सोंगाड्या आहे, लबाड आहे; शब्दांचा दुष्काळ मुळीच नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ढोंग्याला ढोंगी म्हणावे, मग तो सोवळ्यातला असो की आमच्या सभेतला. आणि उघडपणे वेगळे मत धरून तसे वागणाऱ्याला पाखंडी म्हणणे आपण आजपासून सोडावे. भिक्षुकाला झोडपायलासुद्धा आम्ही हा शब्द वापरू नये. दगड आपला म्हणून उचलला, तरी तो शेवटी प्रश्न विचारणाऱ्याच्याच डोक्यात बसतो.

स्वतंत्र बुद्धी म्हणजे काही अवघड विद्या आहे असेही कोणी समजू नये. आमचा शेतकरी ती रोज वापरतो. सोयाबीन पेरण्यापूर्वी तो शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवल्या ते मोजतो. सत्तर उगवल्या तर पेरतो, कमी उगवल्या तर बियाणे बदलतो किंवा वाढवून घेतो. पिशवीवर काय छापले आहे यावर तो विसंबत नाही. आमचा सुतार गुण्या लावल्याशिवाय चौकट जोडीत नाही. आजोबांनी 'काटकोनात आहे' म्हटले तरी लावतो, आणि त्यात आजोबांचा अपमान झाला असे घरात कोणालाच वाटत नाही. शेतात आणि सुतारमेटावर जी बुद्धी चालते, ती लग्नाच्या मांडवात आणि मयताच्या दारात आली, की तिलाच आम्ही पाखंड म्हणतो. बियाणे पारखावे आणि रूढी पारखू नये, हा कोठला न्याय?

आणि ही बुद्धी एकट्यादुकट्यालाच सुचते असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 सालच्या मे महिन्यात ठराव केला की, नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. मग सारे हेरवाड पाखंडी म्हणायचे काय? आणि या देशाच्या संविधानात 1976 साली नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली, त्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि शोधकबुद्धी वाढविणे हेही एक कर्तव्य आहे. आमच्या सुताराने ते बजावले. त्याला नाव ठेवणाऱ्यांनी आपण कोणते बजावले, ते सांगावे!

कोणी म्हणतील, एका शब्दाचे एवढे काय मनावर घ्यायचे? बोलणारा बोलून जातो. नाही, बंधूंनो. आधी माणसाला नाव चिकटविले जाते. मग त्याच्याशी बोलणे थांबते. मग त्याच्या दारी कोणी जात नाही. आणि पुढे काय होते, ते या महाराष्ट्राने पाहिले आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना धर्मद्रोही म्हणून हिणवीत असत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. 'शिवाजी कोण होता?' हे छोटे पुस्तक लिहिणारे कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या, आणि त्यांत ते गेले. शब्द हलका असतो, पण त्याच्या मागोमाग येणारी गोष्ट हलकी नसते.

सुतारआळीतल्या त्या घरी अजून तरी एवढेच झाले आहे की, भावकीतल्या तीन घरांनी बोलणे टाकले, आणि पुढच्या महिन्यातल्या एका लग्नाच्या चौकटीचे ठरलेले काम दुसऱ्या गावच्या सुताराकडे गेले. हातावर पोट असलेल्या घराला एवढेही पुष्कळ होते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला आणि तो 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे गावोगावच्या पंचांनी ध्यानात ठेवावे. परंतु आमची इच्छा अशी की, गोष्ट पोलिस ठाण्यापर्यंत जाऊच नये. त्यासाठी कायद्याहून सोपा उपाय आमच्या हाती आहे. ज्या घराला गावाने नाव ठेवले, त्या घरी जावे. ओट्यावर बसावे, पाणी मागून प्यावे, आणि आपले लाकूडकाम असेल तर तेथेच द्यावे. मत पटले नसेल तर तसे तोंडावर सांगावे, वादही घालावा. त्या खडकावरच्या आज्ञेचेही सांगणे हेच आहे. जिभेला आवर घालावा, आपल्याच पंथाचा उदोउदो करून दुसऱ्याला उगाच नावे ठेवू नयेत, एकमेकांचे म्हणणे ऐकावे. जो आपल्या पंथाच्या मोहाने दुसऱ्याची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. यात हिंदूने, बौद्धाने, सत्यशोधकाने, कोणीही हरकत घेण्यासारखे काय आहे?

आणि आयाबहिणींना आमची एक वेगळी विनंती आहे. घरात लेकराने 'असं का?' म्हणून विचारले, तर त्याला आगाऊ, दीडशहाणा, पाखंडी म्हणून गप्प करू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर 'मला ठाऊक नाही, आपण शोधू' म्हणा. एवढे म्हणणारी माय सत्यशोधक समाजाची सभासद नसली तरी सत्यशोधकच आहे.

त्या सहावीतल्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात उभे केले आणि सांगितले, "बाळ, काल मी तुला अर्थ चुकीचा सांगितला. पाखंडी म्हणजे ढोंगी नव्हे. पूर्वी त्याचा अर्थ होता आपल्या विचाराने चालणारा. लोकांनी तो बिघडवला." तो हसला, आणि त्याने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मग गुरुजी, तुम्ही त्यांच्या घरी गेला होता का?"

आम्ही गेलो नव्हतो. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मात्र गेलो. म्हातारीने चहा ठेवला. तिच्या हातात बांगड्या होत्या.